खळं

आमच्या बंदरावर चंद्राला खळं पडलं
की होड्या वर ओढत. कुणी कुणाला सांगायचं नाही.
एक दोर हलला की सगळे हलत.

सोहारच्या या तळघरात चंद्र प्लास्टिकचे आहेत,
तळहाताएवढे, ताकाच्या निवळीच्या रंगाचे.
काल सकाळी प्रत्येकावर चिमट्याने
मी सहा कागदी टिकल्या ठेवल्या,
एकेका टिकलीत एकेक औषध.
औषध चाललं तर टिकलीभोवती काही उगवत नाही,
स्वच्छ गोल राहतो.
पुस्तकात त्याला मोठं नाव आहे. मी खळंच म्हणते.
पट्टी लावते, लिहिते: अठरा. एकवीस. तेवीस.

बेड सातच्या थाळीत खळं नाही.
टिकल्यांना खेटून, टिकल्यांच्या कडेवर चढत,
एकसारखी, शांत साय.
सहाही औषधांना दाद नाही.
दुसऱ्या थाळीत तेच, गुलाबी, ओलसर.
तारेने टोक उचललं तर तार सुटते,
एकतारी पाकासारखी.
आई म्हणाली असती, झालाय, उतरव आता.

खल्फान बिन जुमा, वय एकसष्ट.
खजुराचे घड उतरवताना झाडावरून पडला.
खुबा मोडला होता, तो जुळला.
हे झाडावरून आलं नव्हतं त्याच्यासोबत.
हे इथे भेटलं: कठड्यावर, नळीच्या तोंडाशी,
पडद्याच्या त्या कोपऱ्याला जो सगळेच धरतात,
किंवा घाईत ओला केलेल्या
कुणाच्या तरी हातावर.
मोतालेब रोज दोनदा कठडे पुसतो.
त्याला एका फडक्यात चार खाटा करायला सांगितल्यात.

वरून डॉक्टरांचा फोन. काही आहे का?
एक जुनं आहे, म्हटलं, मूत्रपिंडावर बसणारं.
ते टिकलीवर कळत नाही, वेगळं लावलंय.
उद्या सांगते.
पलीकडे बराच वेळ कुणी फोन ठेवला नाही.

पहाटे चारला अफ्फानचा मेसेज, श्रीवर्धनहून:
घसा धरलाय, तुझ्या त्या गोळ्यांचं नाव पाठव,
दुकानदार देतो, चिठ्ठी लागत नाही.
मी टाइप केलं, घेऊ नकोस.
मग खोडलं.
कारण माझ्या खोलीत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात,
काजूच्या डब्यामागे,
पाचातल्या दोन दिवसांच्या घेऊन
बरं वाटलं म्हणून ठेवलेल्या
माझ्याच तीन गोळ्या आहेत.
गेल्या सुट्टीत येताना बॅगेतून आणल्या,
सुक्या बोंबलांच्या पिशवीखाली.
लागल्या तर असाव्यात म्हणून.
सतरा वर्षं मी थाळ्या वाचते.

पाचला वर आले. गाड्यांच्या तळावर हवा
ओल्या टॉवेलसारखी तोंडावर.
पिकअपच्या दारात त्याची मुलगी, जुवैना,
रात्रभर तिथेच असावी.
माझा कोट बघून विचारलं, वरची का?
म्हटलं, खालची. तपासणीवाली.
म्हणजे तुला दिसतो तो, ती म्हणाली,
आम्हाला तर काचेतून नुसते पाय दिसतात.

मला दिसतो तो काय तो,
हे मला अरबीत सांगता येत नाही.
मराठीतही येईलसं वाटत नाही.

तिने मूठ पुढे केली. खजूर, अर्धे पिवळे,
अर्धे मऊ पडलेले.
त्याच झाडाचे, म्हणाली. राग धरून काय करायचं झाडावर?

थांब, म्हटलं.
भिंतीला नळ होता. रात्रीचं पाणीही गरम.
आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या,
मग नखं, अंगठे, मनगटं,
मनातल्या मनात वीसपर्यंत, आणि पुन्हा एकपासून.

वळून पाहिलं तर ती तशीच उभी,
मूठ उघडी,
आणि मला अजून हात कोरडे करायचे होते.